पोतं

स्किप्टनच्या सोमवारच्या बाजारात
इनिड मेटकाफ अंडी विकते
आणि सुट्टे मोजता मोजता मला इंग्रजी शिकवते.
आज म्हणाली, "मांजर पिशवीबाहेर आलं."
"कुणाचं?" मी विचारलं.
तिच्या सुनेला दिवस गेलेत, एवढंच होतं ते.

पूर्वी म्हणे इथंच, चर्चच्या उतारावर,
डुकराचं पिल्लू विकायचे पोत्यात घालून.
वळवळतंय बघा, टाका पैसे.
गिऱ्हाईक घरी जाऊन गाठ सोडायचं
आणि मांजर उडी मारून थेट चुलीमागं.

तिचा भाऊ नौदलातला. तो म्हणतो, छे,
मांजर म्हणजे नऊ शेपट्यांचा चाबूक,
जहाजावर पिशवीत ठेवलेला,
बाहेर निघाला की कुणाची तरी पाठ सोलायची.

इनिडला दोन्ही पटत नाही.
ज्याला हातातल्या वजनावरून डुक्कर कळत नाही
असा शेतकरी यॉर्कशरमध्ये जन्मलेला नाही, म्हणते.

"आमच्याकडे बिंग फुटतं," मी म्हटलं.
"बिंग म्हणजे काय?"
मला सांगता येईना.
इतकी वर्षं लोकांची फोडत आले,
आत काय असतं पाहिलंच नाही.

सहा अंडी घेऊन कालव्याकाठानं घरी.
दुपारी एकला आईचा व्हिडिओ कॉल,
वाशीमला तेव्हा दिवेलागण.
फोन मी नेहमीच्याच कोनात ठेवते:
मागं खुर्ची, खुर्चीवर हेरंबचा राखाडी कोट.
हेरंब अंघोळीला गेलाय.
हेरंबची रात्रपाळी, झोपलाय.
हेरंब मार्चपासून लीड्सला राहतो,
कोट तेवढा राहिला.

आई मेथी निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"त्या कोटाची बाही आठ महिने तश्शीच लोंबतेय गं.
एकदा धुऊन तरी टाक."
मग पुन्हा मेथी.
मग, भाव काय झालाय मेथीचा, ते.

कॉल संपल्यावर कोट उचलला.
खिशात बसचं तिकीट, एक बटण.
खुर्चीची पाठ मोडकी आहे
हे मी विसरूनच गेले होते.

गोष्टीत सगळे विचारतात
फसवलं कुणी, पैसे किती बुडाले.
तागाच्या त्या वासात, अंधारात
डुकराच्या नावानं वळवळत राहिलेल्याचं
कुणी काही विचारत नाही.

बुधवारी बाजार आहे.
इनिडला विचारायचंय,
चुलीमागं गेलेल्या त्या मांजराला
मग कुणी दूध घातलं का.