कोंबडा अकरा वेळा विकला गेला

कोंबडा एकच होता.
लाल, एका डोळ्याने अधू,
पाय केळीच्या सोपटाने बांधलेले.
पर्पेटुआने तो डोक्यावर उचलला
आणि कर्ण्यातून ओरडली,
"बोला, कोण बोलतंय?"

आंब्याखाली भाड्याच्या साठ खुर्च्या,
त्यातल्या बावीस रिकाम्या.
मी टेबलाशी, आडोयोच्या गणिताच्या वहीची
मागची पानं उघडून.
बेरीज येते म्हणून खजिनदार,
दुसरी काही लायकी नाही.

आम्हाला नाव हवी होती.
आमची.
पहाटे होड्या किनाऱ्याला लागतात तेव्हा
ओमेनाच्या टोपलीची किंमत
नुसत्या शिलिंगात ठरत नाही,
हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे
आणि रविवारच्या प्रार्थनेत कोणी म्हणत नाही.

मास्तरांनी तीनशेला घेतला, म्हणाले, परत विका.
दवाखान्यातल्या नर्सने चारशे.
परत विका.
किसुमूहून आलेल्या कुणाच्या तरी मेहुण्याने
फोनवर बोलता बोलता दोन हजार,
त्याला कळलंही नसावं कशाचे.
परत.
कोंबडा इतक्या हातांतून फिरला
की शेवटी फडफडायचाही थांबला.

मग ओगुटू आला.
सहा होड्यांचा मालक. उशिरा, इस्त्रीच्या शर्टात.
पाकीट टेबलावर ठेवलं. चाळीस हजार.
म्हणाला, "कोंबडा नको.
नावेवर फक्त माझं नाव घाला."

मी आकडा लिहून टाकला होता.
खोटं कशाला बोलू?
चार, आणि त्यापुढे शून्यं, एक एक गोल काढत.
नाव होत होती, जाळं होत होतं,
वर इंजिनाची इसारत.
पर्पेटुआ त्याच्याकडे बघत नव्हती,
माझ्याकडे बघत होती.
माझं पोर बाजूच्या खुर्चीवर पाय हलवत बसलेलं.
तेरा वर्षांची.
पुढच्या वर्षी टोपली घेऊन
पहाटे किनाऱ्यावर तीच जाणार.

ओगुटूच्या होडीतल्या रॉकेलचा वास
मला अजून झोपेत येतो.

मी आकड्यावर रेघ मारली.
एकदा मारून दिसेना, म्हणून परत मारली.
पाकीट त्याच्यापुढे सरकवलं.
हात कापत होता. कापू दे.
कर्णा चालूच होता, तरी
सगळ्या मैदानात कोणी बोलेना.
"पुढची बोली," पर्पेटुआ म्हणाली,
आवाज जरा फाटलेला,
"कोण बोलतंय?"

कोणीच नाही. ओगुटूसमोर कोण बोलणार?
त्याच्याच होड्यांवर अर्ध्या मैदानाचं पोट.

मागच्या रांगेतून न्यार-उयोमा उठली,
मासळी साफ करणारी म्हातारी,
लेसोची गाठ सोडायलाच तिला इतका वेळ लागला
की मला वाटलं, उठून मदत करावी.
"वीस," ती म्हणाली.
वीस शिलिंग. पाहिले, मोजले, लिहिले.
आणि कोंबडा बगलेत मारून ती सरळ घरी निघाली.
परत विका म्हणालीच नाही!
आधी कोणी हसलं नाही.
मग सगळं मैदान हसलं,
रिकाम्या खुर्च्यासुद्धा हलल्या असतील.

एकूण एक्कावन्न हजार तीनशे साठ.
नाव झाली. जाळं झालं नाही.
जाळं भाड्याने आणतो, दर खेपेला भांडून,
आणि ओगुटूची माणसं भाव पाडतात ते वेगळंच.
गळते जरा. कापूस आणि डांबर भरतो.
कडेचा पांढरा पट्टा अजून कोरा आहे,
बारा बायका, बारा नावं, कुणी मागे हटत नाही.

न्यार-उयोमा त्या कोंबड्याला टोपलीखाली झाकते.
शेजारी तक्रार करतात.
झाकला तरी आरवतो,
आणि भलत्याच वेळी, तीन वाजता,
अंधार गच्च असताना.
बरोबर आमची निघायची वेळ.

आडोयोच्या वहीत मास्तरांनी
त्या खोडलेल्या आकड्याभोवती लाल गोल केला.
शेजारी लिहिलं : उत्तर का खोडलं?
ती मला विचारते, काय लिहू?
मी दोर ओढत म्हणते,
आधी पाणी उपस,
मग सांगते.