खा

तीन शेकोट्या सरळ रेषेत, दोन आडव्या.
ओल्या बांबूवर केळीचं पान टाकायचं,
म्हणजे धूर जाड निघतो, विमानाला दिसेल असा.
हे तांगला येत होतं. चौदा वर्षांचा होता.
आम्हा काचिनांत पाचव्या मुलाला तांगच म्हणतात,
नाव शोधत बसावं लागत नाही.

डोंगरापलीकडे कुठेतरी पलटण होती,
चार दिवस बांबूचे कोंब उकडून खाणारी.
वाट एकच, तीही जपान्यांच्या तोफेखाली.
म्हणून त्यांचं जेवण आमच्या शेतात पडायचं.

लाल छत्रीखाली काडतुसं.
पांढरीखाली औषधं, बिस्किटं, एकदा नुसते चष्मे.
सार्जंटने ती पेटी उघडली
आणि खाली बसून हसत राहिला, बराच वेळ.
तांदळाला मात्र छत्री नाही.
पोत्यात पोतं, आतलं फुटलं तर बाहेरच्याने धरावं,
आणि विमानाच्या दारातला माणूस ते पायाने ढकलायचा.
इतकं खाली यायचं विमान की त्याचे बूट दिसायचे.

तांग का धावला?
एक शेकोटी विझत होती, असं नॉ म्हणतो.
आई म्हणायची, मीठ.
मिठाची छत्री झाडात अडकली होती
आणि आम्ही दोन पावसाळे अळणी काढले होते.
मला विचाराल तर तो धावलाच नाही,
उभा राहून वर बघत होता.
तांदळाचं पोतं पडताना आवाज करत नाही.

फुटलं नाही ते.
शिवण पक्की होती.

दुम्सा आला, एका डोळ्याने अधू.
आमच्यात माणूस मारला गेला की खा उरतं.
खा म्हणजे देणं. नदीलाही आम्ही खाच म्हणतो.
म्हैस देऊन फिटतं, भाला, काशाची थाळी देऊन फिटतं,
पण देणारा तर पाहिजे.
कुणाचं खा? दुम्साने विचारलं.
सार्जंट म्हणाला, अपघात.
दुभाष्याला शब्द सापडेना,
त्याने सांगितलं, हा म्हणतो कुणाचंच नाही.
असं खा नसतं, दुम्सा म्हणाला.
मग आभाळातल्या नाटाचं? त्याच्याकडे वसुलीला कोण जाणार?
ढकलणाऱ्याचं? त्याचं नाव काय, गाव कुठलं?
सार्जंटला माहीत नव्हतं.
कोंबड्या झाडावर चढेपर्यंत बोलणं चाललं.

शेवटी त्याने एक पांढरी छत्री दिली,
दोन डबे मीठ, आणि सही केलेला कागद.
छत्रीत तांगला गुंडाळलं.
दोऱ्या उरल्या. त्यातल्या एकीने
अजून मी डुकरांचं दार बांधते.
कागद वाळवीने खाल्ला.

आणि ते पोतं?
ते मीच पोचवलं, पट्टा कपाळावर घेऊन,
दोन रात्री, जळवांतून.
डाग होता ती बाजू बाहेर ठेवली.
तिथे एका दाढीवाल्या पोराने ते उतरवून घेतलं,
डब्यात भात शिजवला
आणि कुणाच्याही आधी मला पानावर वाढला.
मी खाल्ला. भूक होती.
चांगला शिजला होता.
हे आईला कधी सांगितलं नाही.

पुढच्या थंडीत शेकोट्यांच्या राखेतून
काहीतरी उगवलं, बारीक पानांचं, जांभळ्या फुलांचं.
खेचरांच्या फुटक्या पोत्यांतलं असणार.
नंतर एका बाजारात कळलं, हरभरा म्हणतात त्याला.
आईने तो खुडला नाही, खुडू दिला नाही,
उभा वाळला.

त्याच वर्षी तिला आणखी एक मुलगा झाला.
बाप म्हणाला, घर रिकामं वाटतं, ह्यालाच तांग म्हणू.
आई चुलीपाशी होती. मागे न वळता म्हणाली,
सहावा आहे. यॉ म्हणा.