बाराव्या पानावरचं भोक

कातडं शेळीचं, सुरी माझी, वय अकरा.
लास्ताच्या डोंगरात थंडी पडली की
चौकटीवर ताणलेलं कातडं
बोट लावताच ढोलासारखं वाजायचं.
मी खरवडायची. केस, चरबी, पुन्हा केस.
मग दगडाने घासायची
उजेड आरपार येईपर्यंत.

अक्षरं बाबांची.
मेरिगेता हब्तेवोल्द, बोरूचे धनी.
शाई जळक्या सातूच्या काजळीची, मी घोटलेली,
आणि देवाच्या नावापुरती तांबडी.
परसात मुलगे रांगेने बसून घोकायचे.
मला हाक यायची, वोर्कनेश, पाणी आण.
मी आणायची.

त्या दिवशी सुरी सटकली.
डोळ्याएवढं भोक.
ताण बसत गेला तसं ते मोठं होत गेलं,
लपवलेली चूक होते तसं.
सकाळी बाबांनी चौकट उजेडाकडे धरली,
भोकातून त्यांचा एक डोळा
माझ्याकडे बघत होता.
बोलले नाहीत काही.
कातडं तेवढं एकच होतं, आणि सण तोंडावर.

पोथी देवळात गेली,
चामड्याच्या पिशवीतून खुंटीला टांगली गेली.
मी बायकांच्या बाजूला, काठीवर हनुवटी टेकून,
सत्तेचाळीस वर्षं उभी.
जुनी भाषा कानावरून जायची
खोल दरीतल्या नदीसारखी.
नुसत्या आवाजाने तहान भागते का, विचाराल.
थोडी भागते. मी तेवढ्यावर जगले.

एका ठिकाणी मात्र डीकन हमखास थांबायचा.
शब्दाच्या ऐन मध्यात. एक श्वासभर.
ढोलावरचा हात वरच राहायचा.
त्याच्या आधीचाही तिथेच थांबायचा, त्याच्याही आधीचा.
जाणती माणसं म्हणायची, इथे देवदूत उत्तर देतात.
कुणी म्हणे, इथे राजाला रडू फुटलं होतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अक्षरांना बसले.
एम्बेट, माझी नात, वय नऊ,
माझं बोट धरून पाटीवर फिरवायची
आणि चुकले की कपाळाला हात लावायची.
दोनशे एकतीस वळणं.
सगळी ओळखीची निघाली,
माझ्याच शाईतून गेलेली.
अर्थ मी आब्बा येमानेंना विचारायची,
एका दिवशी एक शब्द, अंड्याच्या बदल्यात.
आधी हसले. मग अंडी घेईनासे झाले.
मग एकदा म्हणाले, हा मलाही नीट कळलेला नाही,
उद्या ये.

पोथीची शिवण उसवली तेव्हा
मलाच बोलावलं. कातड्याचं दुसऱ्या कुणाला कळतं?
बारावं पान.
भोक होतं तिथेच होतं, कडा गुळगुळीत झालेल्या.
ओळ काठापर्यंत येते, उभी राहते,
आणि पलीकडच्या काठावरून पुढे चालू लागते.
मधोमध तुटलेला शब्द मी जुळवला,
ओठ हलवत, दोनदा.
दया.
अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे,
आणि भोकातून खालच्या पानावरचं
तांबडं नाव दिसत होतं.

बाबांनी मोजून तसं केलं
की आपोआप जुळलं,
विचारायला ते नाहीत.
अपराध पोटात घालतात म्हणे. ऐकून होते.
ओळीने पोटात घातलेला
त्या दिवशी पाहिला.
शिवण घातली. गाठ जरा वाकडी बसली,
डोळ्यांत पाणी होतं.

रविवारी डीकन थांबला.
एम्बेटने माझी शाल ओढली,
आजी, हा इथे का थांबतो?
मी म्हणाले, सुरी सटकली होती.
तिला वाटलं, मी भलतंच काही बोलतेय.
ढोलावरचा हात अजून वरच होता.