ओलं अस्तर

गिमली, ऑगस्टचा पहिला सोमवार.
ह्याल्तीने गाडी चर्चमागे लावली.
डिकीत वाळूची बादली, लंगोट, आणि रुमालात गुंडाळलेला
सात थरांचा आलुबुखार केक.
(सासूबाई म्हणतात, सहा थर म्हणजे केक नव्हे, आळस.)

ब्रिन्याला मिरवणुकीत चालायचं होतं,
आइसलँडहून पेटीतून आलेल्या
पणजीच्या काळ्या लोकरी बंडीत.
तिने आत पोहण्याचा पोशाख तसाच ठेवला,
सरोवरातून निथळत आलेला.

बँड सुरू होईतो
पाठभर तळं उमटलं.
मी ओरडणारच होते;
बंडी उलटली, तर अस्तरावर
आधीच एक डाग,
पिवळट, जुना,
शिवणीत अजून चार कण वाळू.

सासूबाई बँडकडे बघत राहिल्या.
"तेव्हाही फार उकडत होतं," म्हणाल्या.