मागचं डावं दार

गाडी आली त्या संध्याकाळी हेमलतानं तिला ओवाळलं,
तर ती तबकाकडे बघून ओरडायला लागली.
पुढे अडथळा आहे, असं तिचं म्हणणं.
हळदकुंकू लागेपर्यंत पीं पीं थांबली नाही.
बागुलांच्या गच्चीतून कुणीतरी हसलं.

शेजारच्या सीटवर द्राक्षांची पेटी ठेवली
तर पेटीलाही पट्टा लावावा लागतो.
आडगावहून पाथर्डी फाट्यापर्यंत
द्राक्षं पुढे बसून आली, ऐटीत,
आणि हेमलता मागे.

द्वारकेच्या सिग्नलला इंजिन आपणहून बंद पडतं.
पहिल्या दिवशी मला घाम फुटला,
मागे बस, बाजूला रिक्षावाला:
"काका, नवी आहे वाटतं?"
पेट्रोल वाचतं म्हणे.
मीही वाचवायचो, म्हसरूळच्या उतारावर स्कूटर बंद करून.
तेव्हा त्याला चिंगूसपणा म्हणत.

शालिमारमागच्या तौफिकनं पायरी बसवून दिली,
"मावशींच्या गुडघ्यासाठी."
गुडघा सुखी आहे.
आता नडगी आपटते,
आणि उतरताना साडीच्या काठाला
रोज पायरीवरची धूळ.
मॅट, मडफ्लॅप, चिकटवायचा गणपती,
सीटवरचं प्लॅस्टिक मात्र काढू देत नाही ही,
बसलं की फरसाणाची पुडी उघडल्यासारखं वाजतं.

स्क्रीनला माझं बोट कळत नाही.
सातपूरला प्रेस शॉपमध्ये एकोणतीस वर्षं
पत्र्याची कड चाचपून पाहिली या तर्जनीनं,
धार राहिली का, बर राहिली का.
तिची कातडी आता कातडी नाही.
मी दाबतो, दाबतो, स्क्रीन ढिम्म.
हेमलता कणकेचं बोट नुसतं टेकवते
आणि गार हवा सुरू.

हे सगळं चालतं.
पण चाळीसच्या वेगाला, त्र्यंबक रोडवर,
मागच्या डाव्या दारात
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टक् टक्.

सर्व्हिस सेंटरचा टाय लावलेला मुलगा म्हणाला,
"नॉर्मल आहे सर, सेटल होईल."
आवाज सेटल होत नसतो रे बाळा,
तो जागा बदलतो.

रविवारी पार्किंगमध्ये दार उघडून बसलो.
"वॉरंटी जाईल हो!" वरून बागुल.
अकरा क्लिपा, एकही न मोडता,
चहाच्या बशीत मोजून ठेवल्या.
पॅनेल सुटलं. आत वायरी, काळा फोम,
आणि अगदी तळाशी
एक वॉशर.
सहा एमेमचा, झिंकचा, कोरा.
कुठल्याच बोल्टचा नाही.
सगळे बोल्ट आपापला वॉशर घालून बसले होते.

तर्जनीवर घेऊन पाहिला.
याला मात्र बोट लगेच कळलं.

तिसरी पाळी असणार. पहाटेची सव्वापाच.
डोळ्यांत वाळू. शेडच्या दारात बस येऊन उभी.
हातातून सुटला असेल.
वाकून उचलायला चार सेकंद लागतात,
आणि लाइन चार सेकंद देत नाही.
दार पुढे गेलं असेल
आणि कुणीतरी मान वळवून
एकदा त्याच्याकडे पाहिलं असेल.

माझ्या हातूनही सुटलेत. तीन.
चार असतील.
कुठल्या गावात, कुणाच्या दारात वाजतायत,
कोण कुणाला सांगतंय, नॉर्मल आहे.

हेमलतानं विचारलं, काय होतं?
म्हटलं, काही नाही, राहिलेलं काम.

फेकवला नाही.
गणपतीच्या पुढ्यात सुट्ट्या पैशांचा खण आहे,
तिथे टाकला.
काल कॅनडा कॉर्नरला वळलो
तर पुढून, अगदी कानाशी,
टक्.
"आवाज गेला म्हणालात ना?"
गेला की.
मागच्या दारातला.