एकशे वीस वार कुरण

निबंधातल्या ‘नान्ना’वर बाईंनी लाल रेघ मारून
वर ‘नाना’ लिहिलं होतं.
नान्ना म्हणजे तेलुगूत वडील, हे बाईंना कोण सांगणार.
तेव्हापासून सारखे दिसणारे शब्द मी जपून हाताळते.

कन्ना चौकातल्या रद्दीतून आठ रुपयांना
एक जाडजूड डिक्शनरी आणली.
सुरुवातीची अक्षरं वाळवीनं नेलेली,
बाकी इंग्लंडातले म्हातारे शब्द, खेड्यापाड्यांतले,
आणि बहुतेकांपुढं तिरप्या अक्षरात :
आता वापरात नाही.

नान्ना सेकंड शिफ्ट करून आले,
कानातले कापसाचे बोळे काढत बसले.
ली म्हणजे काय हो?
‘सुताचं माप. एकशे वीस वार.
सात ली झाल्या की एक हँक.’
पण पुस्तकात दुसराच ली आहे, कुरण.
त्यांना कुरण कळेना. म्हटलं, गड्डी.
‘गड्डा? जत्रेचा?’
गड्डी, नान्ना. गवत. नुसतं गवत, लांबपर्यंत.
ते बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले.
‘म्हणजे तेहतीस वर्षं गवत मोजलो,
आणि दारात एक म्हैस नाही.’

स्ले त्यांना विचारावं लागलं नाही,
हातानंच करून दाखवलं :
धोटा गेला की फणी येते, आडव्या सुताला ठोकते.
मी वाचलं, एक अक्षर बदललं की
ठार मारणं.
‘बरोबर आहे की. नाव ठेवणाऱ्याचं
बोट सापडलं असणार त्यात.’

थ्रम फार मागच्या पानावर होता.
तिथवर पोचले त्या वर्षी भोंगा बंद झाला.
थ्रम : कापड कापून नेल्यावर
मागाला लटकत राहिलेली सुताची टोकं.
खाली तीच अक्षरं, आकडा दोन :
एकसुरी घुमणं.
दोन वेगळे शब्द, त्यांचं नातं नाही,
असं संपादकाचं म्हणणं.

दुपारी नान्ना लोखंडी खाटेवर पडलेले असतात.
झोपेत बोट खाटेच्या दांडीवर चालतं,
खट्‌खट्, खट्‌खट्, चुकत नाही.
अम्मा म्हणते, राहू दे.
उशाखालच्या पिशवीत शेवटच्या दिवशीची
मूठभर निळी टोकं आहेत,
हात पुसायला आणली म्हणाले होते.
अजून एकदाही पुसले नाहीत.

या शब्दाचं त्यांनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
फक्त पेन्सिलीनं एक आणि दोनच्या मध्ये
एक उभी रेघ ओढली,
वरून खाली,
ताण्यासारखी.