आठाचा आकडा

रिक्षा मरीमाता चौकात वळते
तेव्हा माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो.
रिक्षावाला आरशातून बघतो,
"बाबूजी, उधर ब्रेक नहीं है."
ठाऊक आहे बाबा.
तिकडेही नव्हता.

सॉल्ट लेक सिटी, रीनो, सॅक्रामेंटो.
अडीच दिवस, भाड्याची पांढरी गाडी,
मागच्या सीटवर कुमुद आणि जिरावनची बाटली,
चाकावर केतकी.
आपल्याकडे जिथं चाक असतं तिथं मी,
आणि माझ्यापुढं चाक नाही,
नुसतं एक कपाट, त्यात गाडीचे कागद.
ते मी दोनदा तपासले.
बत्तीस वर्षं परिवहन कार्यालयात काढलेला माणूस
आणखी काय करणार?

केसरबागेच्या आवारात आम्ही चुन्यानं आठ आखायचो.
नियम एकच. पाय टेकला की नापास.
मंत्र्यांचे भाचे टेकले, नापास.
एका दुपारी रांगेत कायनेटिक घेऊन केतकी उभी.
मला "सर" म्हणाली.
पहिलं वळण सुरेख घेतलं,
दुसऱ्यावर रेघ ओलांडून
सरळ फाटकापर्यंत निघून गेली,
पाय न टेकता.
आम्ही आखायचो तो इंग्रजी आठ,
फिरून आपल्याच पोटात येणारा.
तिनं काढला तो आपला, पाटीवरचा,
ज्याचं एक टोक उघडंच राहतं.
मी लाल शाईनं लिहिलं, अनुत्तीर्ण.
त्या रात्री वरणात मीठ नव्हतं.
मी मागितलं नाही.

तर सॉल्ट लेक सुटलं
आणि दोन्ही बाजूंना मीठ.
तासभर, नजर पोचेल तिथवर, मीठच मीठ.
मागून कुमुद म्हणाली,
"एवढं पडलंय, आणि तुम्हाला चिमूटभर मागवलं नाही."
केतकी काही बोलली नाही.
रस्त्याचं नाव ऐंशी. नाव कसलं, आकडा.
आठावर शून्य.

एल्कोला तळलेल्या बटाट्यावर जिरावन टाकून खाल्लं.
शेजारच्या टेबलावरच्या ट्रकवाल्यानं वास घेतला,
हात पुढं केला,
कुमुदनं त्याच्या तळव्यावर प्रसादासारखं ठेवलं.
विनेमक्काच्या एका चौकात शिपाई नाही, दिवा नाही,
तरी चारही बाजूंच्या गाड्या थांबलेल्या,
आधी तुम्ही, नाही नाही, तुम्ही.
मला उतरून सगळ्यांना पास करावंसं वाटलं.
एक मालगाडी समांतर धावत होती.
कुमुदनं डबे मोजले, एकशे सतरा,
मग मालगाडी डोंगराआड गेली
आणि मोजणी अर्धवट राहिली याचं तिला
रीनोपर्यंत वाईट वाटत होतं.

रीनोला रात्र दिव्यांनी फाटलेली.
हॉटेलच्या दारातच जुगाराची यंत्रं.
कुमुदनं एक डॉलर घातला, गेला.
"दीड किलो पोहे," ती म्हणाली, आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी घाट.
चढ संपला आणि गाडी उतरायला लागली,
एका अंगाला ट्रक, दुसऱ्या अंगाला देवदारांची खोल दरी,
केतकीचे हात चाकावर सैल,
दळण घेऊन घरी निघाल्यासारखे.
वळण आलं. माझा पाय दाबला गेला.
परत वळण. परत पाय.
रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली,
"सर, पाय टेकला."

मागं कुमुद जागी होती. मला कळलं,
कारण तिचं घोरणं थांबलं.

सॅक्रामेंटोबद्दल विचाराल
तर मला फारसं आठवत नाही.
नदी होती. ऊन होतं.
गाडी परत करताना तिथल्या पोरानं चारी बाजूंनी बघितली,
कुठं ओरखडा नाही म्हणाला,
आणि मी उगीचच मान डोलावली,
माझंच कौतुक झाल्यासारखी.
सांगायचं होतं ते विमानतळावर सांगणार होतो.
तिथं बॅगांची वजनं भरली.

नारायण बाग आली. रिक्षावाला सुटे शोधतोय.
विशीतला पोरगा, कानात बाळी,
लायसन विचारण्याची जुनी खाज जिभेवर येते.
म्हणावं, भिया, जरा आठ काढून दाखव.

आणि त्यानं विचारलं, कौनसा?
तर.